अर्ध्या कावडीचा राग

मी एक जुनी कावड आहे. मित्रांनो, हे वाक्य मी आयुष्यभर तोऱ्यात म्हणत आले, पण आता ते धादांत खोटं आहे. मी अर्धी कावड आहे. मला करवतीने मधोमध कापलं आहे, आणि कापणारे कोणी चोर-दरोडेखोर नव्हते. माझ्या जिवावर जी पोरं वाढली, त्यांनीच कापलं. तेव्हा माझ्याकडून गोड गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही. गिळायला मला घसाच नाही.

माझा जन्म पिनांग बेटावरच्या डोंगरात झाला. एका मलायी म्हाताऱ्याच्या बागेत, डुरियनच्या झाडांमागे बांबूचं बेट होतं. त्यातला एक जाड, सरळ बांबू म्हणजे मी. जॉर्ज टाउनमधल्या एका चिनी कारागिराने मला विकत घेतलं, विस्तवावर शेकलं, तासलं, तेल पाजलं आणि दोन्ही टोकांना दोरी अडकवायच्या खाचा पाडल्या. मग एके दिवशी त्याच्या दुकानात तमिळ मुलखातून आलेला एक शिडशिडीत तरुण शिरला. त्याचं नाव नैना मुहम्मद. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि दोन्ही टोकं वरखाली हिंदकळून पाहिली.

"फार वाकते का?" कारागिराने विचारलं. "दुसरी दाखवू? न वाकणारी?"

"वाकते म्हणूनच घेतोय," नैना म्हणाला. "न वाकणारी माणसं घरी पुष्कळ आहेत."

अशी मी मलायी माणसाच्या जमिनीत वाढले, चिनी माणसाच्या हातून घडले आणि तमिळ मुसलमानाच्या खांद्यावर चढले. आज दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

नैना माझ्या पुढच्या टोकाला भाताचं लाकडी घमेलं बांधायचा आणि मागच्या टोकाला रश्शांची उतरंड. मासळीचा रस्सा, मटणाचा रस्सा, डाळ, भेंडी, उकडलेली अंडी. सकाळची नमाज झाली की तो निघायचा आणि तडक गोदीवर जायचा. तिथे चिनी हमाल, मलायी नावाडी, पंजाबी पहारेकरी असे सगळे एकाच पायरीवर ओळीने उकिडवे बसायचे. चालताना मी कुरकुरायचे, आणि माझी कुरकुर ऐकूनच लोक हात धुवायला उठायचे. तेव्हा माझी पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. माझा आवाज हीच माझी पाटी.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. कावडीचा एकच कायदा असतो, तो म्हणजे तोल. भात संपत आला आणि रस्से उरले की मागचं टोक खाली बसतं आणि वाहणाऱ्याच्या मानेला कळ लागते. मग नैना काय करायचा? जे गिऱ्हाईक समोर असेल त्याच्या भातावर सगळ्या भांड्यांतले रस्से एकामागून एक ओतायचा. मासळीवर मटण, मटणावर डाळ. भात बुडून जायचा. हे त्याच्या खांद्याची सोय म्हणून सुरू झालं. पण जीभ भलतीच हुशार असते. त्या मिसळलेल्या रश्शाची चव कुठल्याही एका भांड्यात नव्हती. हमाल लांबूनच ओरडायला लागले, "नैना, बांजिर!" मलायीत बांजिर म्हणजे पूर. पूर आण बाबा, पूर आण!

त्यांत सगळ्यात मोठ्याने ओरडायचा तो सेंग नावाचा चिनी हमाल. आता तो पार म्हातारा झाला आहे आणि सगळं गाव त्याला सेंग आपेक, म्हणजे सेंग आजोबा म्हणतं. त्याच्या पाठीला बाक आला आहे, पण आवाज तोच आहे.

नैनाचं लग्न झालं. निसा झाली, मग कुद्दूस, मग जबरुल्ला. निसा थोरली, म्हणून दोघे भाऊ तिला रात्ता म्हणायचे, म्हणजे ताई. कुद्दूसला घरात सगळे नाना म्हणायचे, म्हणजे दादा, आणि जबरुल्लाला जबरू. तिघांचं अन्नपाणी, शाळा, आजारपण, सगळं माझ्या दोन टोकांना लोंबकळत आलं. पुढे नैनाने मशिदीमागच्या गल्लीत दुकान घेतलं. दुकानापुढच्या पडवीत मक जेनाब नावाची मलायी बाई केळीच्या पानातली चिकट भाताची मिठाई विकायची. ती बसल्या जागेवरून कधी उठली नाही आणि नैनाने तिला कधी उठवलं नाही.

दुकान झालं तशी मी कोपऱ्यात गेले. पण वर्षातून एकदा नैना मला खांद्यावर घ्यायचाच. या गावात आला त्या पहिल्या वर्षी तो तापाने मरता मरता वाचला होता आणि त्याने आपल्या मुलखातल्या नागूरच्या पिराला नवस केला होता. कंदुरीच्या, म्हणजे पिराच्या नावाने जेवण घालायच्या दिवशी कावडीवरून भात न्यायचा, तोही पायी, आणि इथल्या त्याच्या दर्ग्यापाशी येईल त्याला वाढायचा. कोण कुठला, कुठल्या देवाचा, विचारायचं नाही. आदल्या शुक्रवारी निसा मला खोबरेल तेल चोळायची. तिच्या हाताचा वास मला अजून येतो.

नैना शेवटच्या आजारात होता तेव्हा त्याने निसाला जवळ बोलावलं. मी खाटेशेजारीच उभी होते.

"पोरं तिला भिंतीवर टांगतील," तो म्हणाला. "टांगू देऊ नकोस. वर्षातून एकदा तरी तिच्यावर ओझं पडलंच पाहिजे. ओझं नसलेली कावड आतून किडते."

"नेईन, वाप्पा," निसा म्हणाली. "नाना नेईल, नाहीतर जबरू नेईल. कोणीच नाही नेली तर मी नेईन."

"तुझी उंची कमी आहे."

"मग भात कमी नेईन. पण नेईन."

नैना हसला आणि तो निर्धास्त झाला. त्या हसण्याची किंमत या घरात निसाशिवाय कोणाला कळली नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग धंदा वाढला. जबरुल्लाने त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुकान टाकलं. त्याला थोरल्याची पूर्ण संमती होती. मसाला दोन्हीकडे निसाच वाटायची. आणि मग गावात ती खाद्ययात्रा करवणारी मंडळी आली. एक टोपीवाला वाटाड्या हातात छत्री उंच धरून परदेशी पाहुण्यांचे घोळके फिरवायचा. गाडीवरच्या शेवया इथे, बर्फाचा गोळा तिथे, असं करत तो आमच्या दारात यायचा. कोपऱ्यातल्या माझ्याकडे छत्री रोखून तो एकदा म्हणाला, "ही कावड ज्या दुकानात, तेच असली दुकान. बाकी सगळ्या नकला."

झालं. एका वाक्याने घर पेटलं.

"नानाचं दुकान असली, मग माझं काय नकली?" जबरुल्ला त्याच दुपारी येऊन ओरडला. "मी काय दुसऱ्या बापाचा?"

"मी कुठे म्हणालो? तो टोपीवाला म्हणाला."

"तो म्हणत होता तेव्हा तू दात काढत होतास!"

"अरे, गिऱ्हाईक समोर होतं, मग काय रडू?"

कुद्दूस दात काढत होता हे खरं आहे. मी पाहिलं.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासा बिचारा जागच्या जागीच होता, फिरली ती माणसं. भावांनी वाटण्या केल्या. थोरल्याने मासळीचा रस्सा घेतला, धाकट्याने मटणाचा. एकाने दुसऱ्याचा पदार्थ चुलीवर चढवायचा नाही, अशा आणाभाका मशिदीतल्या वडीलधाऱ्यांसमोर झाल्या. ज्या बापाने आयुष्यभर सगळे रस्से एकत्र ओतले, त्याच्या पोरांनी रस्से वाटून घेतले! यापेक्षा मोठा मूर्खपणा मी या बेटावर पाहिलेला नाही, आणि मी गोदीवर दारुडे खलाशीही पुष्कळ पाहिलेत.

उरले मी. मला कोणीच सोडेना.

"पुढचं टोक माझं," कुद्दूस म्हणाला. "भात पुढे असायचा. थोरला पुढेच असतो."

"मागचं टोक माझं," जबरुल्ला म्हणाला. "चव मागे असायची."

निसा आतून हळदीच्या हातांनीच धावत आली. "डोकी फिरलीत का तुमची? कंदुरीला काय नेणार? अर्ध्या कावडीने काय वाहतात, सांगा ना! एका टोकाला भात बांधला तर दुसऱ्या टोकाला काय तुमची अब्रू बांधू?"

"रात्ता, तू यात पडू नकोस," कुद्दूस म्हणाला. "तुला वाटणी नकोय ना?"

"वाटणी नको मला. मी वाप्पाला शब्द दिलाय."

"शब्दाने दुकान चालत नाही."

"बावीस माणसांचं घर चाललंय त्याच्यावर!" निसा कडाडली. पण तोवर करवत आली होती.

शुक्रवारची नमाज आटोपून, दुकानाचं दार ओढून त्यांनी मला टेबलावर आडवं पाडलं. कुद्दूसने करवत धरली. मी थरथरते म्हणून जबरुल्ला माझ्यावर गुडघा रोवून बसला. इतक्या वर्षांत त्या दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम. नैना ज्या जागी खांदा लावायचा, घासून घासून जिथे मला गुळगुळीत खळगा पडला होता, बरोबर तिथूनच करवत गेली. माप घेऊन मध्यच काढला होता त्यांनी. भुसा पडला तो निसाने पदरात गोळा केला आणि उठून म्हणाली, "आजपासून मसाला तुमचा तुम्ही वाटा." ती बाहेर पडली आणि तिने पडवीत मक जेनाबच्या शेजारी आपलं वेगळं लहानसं टेबल मांडलं.

माझा पुढचा अर्धा भाग, म्हणजे तुमच्याशी बोलणारी मी, कुद्दूसच्या भिंतीवर काचेच्या पेटीत गेले. अंगावर चकचकीत रोगण, डोक्यावर दिवा, खाली पाटी : 'हीच ती असली कावड.' रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माझा मागचा अर्धा भाग तसल्याच पेटीत, तसल्याच पाटीखाली. सोन्याचा पिंजरा तरी बरा, त्यात पक्ष्याला दाणापाणी मिळतं. मला तेलाचा थेंब नाही. थंड हवेच्या यंत्राने मी आतून तडकत गेले. समोर लोक उभे राहायचे, माझ्याकडे पाठ करायचे आणि स्वतःचेच फोटो काढायचे. मग बसून म्हणायचे, रस्से वेगवेगळ्या वाट्यांत द्या, मिसळू नका, दिसायला बरं दिसत नाही. आणि कुद्दूस द्यायचा! नैनाचा मुलगा, वाट्या मांडायचा!

एकट्या सेंग आपेकने हार मानली नाही. तो रोज यायचा, भात आणि मासळीचा रस्सा मागायचा, आणि मग हळूच पिशवीतून दोरीने बांधलेली प्लास्टिकची थैली काढायचा. त्यात जबरुल्लाच्या दुकानातला मटणाचा रस्सा असायचा. सगळ्यांदेखत तो थैलीची गाठ सोडून भातावर ओतायचा. एक दिवस कुद्दूसने त्याला गाठलंच.

"आपेक, बाहेरचं अन्न इथे चालत नाही. पाटी वाचता येत नाही का?"

"बाहेरचं?" आपेकने चष्मा वर केला. "तुझ्या सख्ख्या भावाचं आहे रे. त्याला बाहेरचा केव्हा केलास?"

"मला शिकवू नका. इथे नियम आहेत."

"तुझ्या बापाच्या कावडीला पाटी नव्हती, नियम नव्हते, तरी मला कोणी ताटावरून उठवलं नाही. तू उठवतोस?"

कुद्दूस गल्ल्यावर जाऊन बसला. पण दुसऱ्या दिवसापासून दारावर पोऱ्या उभा करून त्याने पिशव्या तपासायला सुरुवात केली. त्यानंतर आपेक दुकानात आला नाही. तो बाहेर पडवीत, निसाच्या टेबलाशी बसू लागला. मला काचेतून त्याची वाकलेली पाठ दिसायची.

आणि मग कंदुरी आली. मला कापल्यानंतरची पहिलीच.

दोघा भावांनी काय केलं असेल? एकेक छोटा मालट्रक भाड्याने आणला. फुलांच्या माळा, ढोल, रंगीत फलक. एकात भात आणि मासळी, दुसऱ्यात भात आणि मटण. दर्ग्यापुढे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन रांगा लावायच्या असं त्यांचं आपापलं ठरलं. आम्हा दोन तुकड्यांना पेटीसकट ट्रकवर चढवायचा बेत होता. खांदा कोणाच्याच डोक्यात नव्हता.

सकाळी दुकान भरलेलं असताना निसा आत आली. तिच्या हातात लांब दांड्याचा लोखंडी डाव होता. तिने एक खुर्ची ओढली, तीवर चढली आणि एका फटक्यात पेटी फोडली.

"रात्ता! काच!" कुद्दूस किंचाळला.

"मी काच फोडायला आले नाही," निसा म्हणाली. "कावड न्यायला आलेय. काच मध्ये आली."

"लोक बघतायत!"

"बघू देत. फोटो काढा म्हणावं. आज पहिल्यांदा काढण्यासारखं काही झालंय."

तिने मला उचललं तेव्हा तिच्या बोटातून रक्त येत होतं. ती तशीच जबरुल्लाच्या दुकानाकडे गेली. पण बातमी तिच्या आधी पोचली होती आणि त्याने लोखंडी दार खाली ओढून घेतलं होतं. निसाने दारावर डाव आपटला. "जबरू, उघड! वाप्पाचा नवस आहे!"

आतून आवाज आला, "आधी नानाला म्हणावं माफी माग!"

आत माझं दुसरं टोक होतं. दाराच्या अलीकडे मी आणि पलीकडे मी. मित्रांनो, त्या क्षणी मला जो संताप आला, त्याने मी पेटले कशी नाही याचंच मला नवल वाटतं.

निसा परत पडवीत आली. तिने पहाटेपासून भात शिजवला होता, मासळी केली होती, मटणही केलं होतं. पण एका टोकाने दोन भांडी कशी न्यायची? मग तिने भाताच्या मोठ्या भांड्यात मासळीचा रस्सा ओतला, त्यावर मटणाचा, त्यावर डाळ. भांड्याच्या कड्यांतून दोर ओवून तिने ते माझ्या मधोमध टांगलं, माझं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडे पाहून म्हणाली, "पूर्ण कावडीला एक खांदा पुरतो. अर्धीला दोन लागतात. कोण येतंय?"

कुद्दूस दारात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ट्रककडे पाहिलं.

सेंग आपेक लगबगीने उठला, पण निसाने त्याला हाताने खाली बसवलं. "तुम्ही नको आपेक, मला दोन ओझी नकोत."

तेवढ्यात मक जेनाब उठली. मी सांगितलं ना, ती जागेवरून कधी उठत नसे? ती उठली, तिने मिठाईवर फडकं टाकलं, ओढणीची चुंबळ करून खांद्यावर ठेवली आणि माझं मोकळं टोक त्यावर घेतलं.

"मक, तुम्ही? तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, मी बघेन. तुझा बाप रोज पहिली मूद मला द्यायचा. चल, पाय उचल. भात निवतोय."

दोघी निघाल्या. मक जेनाब ठेंगणी, म्हणून भांडं तिच्याकडे कलायचं आणि रस्सा तिच्या कपड्यांवर सांडायचा. ती शिव्या घालायची आणि चालायची. मागून काठी टेकत सेंग आपेक. आणि मी? मी वाकले. तडकलेली, रोगणाने गुदमरलेली, अर्धी, तरी वाकले, आणि करवत लागल्यापासून विसरलेली माझी कुरकुर पुन्हा सुरू झाली. दर्ग्याच्या वळणावर एक म्हातारा नावाडी त्या आवाजाने थांबला, आमच्याकडे वळला आणि नळावर जाऊन हात धुवायला लागला.

दोन्ही ट्रकांपुढच्या रांगा हळूहळू विरत गेल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. लोक नुसते आमच्याकडे सरकले. निसा वाढत होती आणि मागे कोणीतरी थकलेल्या, फाटक्या आवाजात ओरडलं, "बांजिर!" तो सेंग आपेक होता. त्याला ताट मिळालेलं होतं, तरी तो ओरडला.

शेवटी कुद्दूसही ताट घेऊन आला. निसाने त्यालाही वाढलं. तो उभ्या उभ्या जेवला, बोटं चाटली, ताट पुसून घेतलं. त्याचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

तो म्हणाला, "रात्ता, संध्याकाळी कावड परत पाठव. काच बसवून घेतो."

"बसव," निसा म्हणाली. "आत तुझा फोटो लाव."

तेव्हापासून मी निसाजवळ पडवीत आहे. दर शुक्रवारी तेल मिळतं. रोज सकाळी ती आणि मक जेनाब माझ्यावरून भाताचं भांडं घरातून टेबलापर्यंत आणतात. निसाने दिलेला शब्द अर्धा का होईना, पाळला गेला. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माझं दुसरं टोक अजून त्या रस्त्यावर काचेत आहे. त्याच्यावर दिवा आहे, त्याला हार आहे आणि ते आतून वाळतं आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपणाऱ्यांनीच माझी ही दशा केली. जुन्या वस्तू वापरा. आणि कधी पिनांगला आलात तर जबरुल्लाच्या दुकानात जरूर जा. त्याचं मटण उत्तम असतं, उगाच खोटं कशाला बोलू? जेवा, हात धुवा, मग त्या पेटीपाशी जाऊन तिची काच बोटाने टकटक वाजवा, आणि मालकाला सगळ्यांदेखत मोठ्याने विचारा, "हिला शेवटचं खांद्यावर कोणी घेतलं होतं?"

त्याने उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.